जयध्वज आणि बळ पिणारा मुकुट

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाच्या खजिन्यात असा एक मुकुट होता की जो कोणाच्याच मस्तकावर नव्हता. दगडी चौथऱ्यावर तो नुसता ठेवलेला असे, आणि वर्षागणिक त्याचे वजन वाढत जाई. आधी चौथरा खचला, मग खालची फरशी खचली, मग खजिन्याच्या भिंतीला तडा गेला. जसजसा मुकुट जड होई, तसतसे त्या राजघराण्यातले पुरुष हलके होत.

राजाचे नाव वीरबाहू. ते नाव ऐकून परमुलखाचे वकील दबकत दरबारात येत, आणि लोडांचा आधार घेऊन बसलेला, काठीसारख्या हातांचा मनुष्य पाहून चकित होत. त्याचा एकुलता एक पुत्र जयध्वज तर बापाहूनही क्षीण. त्याला वारा सोसत नसे, ऊन सोसत नसे, मोगऱ्याच्या वासानेदेखील धाप लागे. महालाला मोठ्या खिडक्या होत्या, पण त्यांवरचे रेशमी पडदे कडांनी शिवून टाकले होते. सकाळी काढा, दुपारी मुगाचे पाणी, सायंकाळी मधातले चाटण, हेच त्याचे जेवण. मिसरूड फुटले तरी दासी त्याला मंचकावरून उचलून आसनावर ठेवीत.

पण देह जितका दुबळा, तितके मन धावरे. राजवैद्य नाडी पाहू लागला की जयध्वज त्यालाच विचारी, "वैद्यराज, आपले गाव कोणत्या नदीकाठी? ती नदी पुढे कोठे जाते?" वकील भेटीस आले की विचारी, "आपल्या देशापलीकडे कोणता देश? आणि त्याच्या पलीकडे?"

एका हेमंतात राजवैद्याने नाडी फार वेळ धरून ठेवली. मग तो बाहेर येऊन हेमवती राणीला म्हणाला, "राणीसाहेब, येता वसंत युवराज पाहतील, असे माझी विद्या सांगत नाही."

त्याच दिवशी खजिन्याच्या छपरावर धनेश पक्षी येऊन बसला. पिवळी वाकडी चोच, भुवया केवढ्या जाड! तो दर हेमंती येई आणि माणसाच्या वाणीने ओरडे, "मुकुट परत केव्हा? मुकुट परत केव्हा?" पहारेकरी दगड मारून त्याला हाकलीत. त्या दिवशी राणी स्वतः गच्चीवर गेली, पहारेकऱ्यांचे हात तिने खाली करविले, आणि ती म्हणाली, "पक्ष्या, तू कोणाचा? कोणता मुकुट मागतोस?"

"इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते," धनेश म्हणाला. "ऐक. तुझ्या आजेसासऱ्याने समुद्र ओलांडून आमची नगरी लुटली आणि आमच्या राजाच्या मस्तकावरून हा मुकुट ओढला. त्या मुकुटात नगरीचे प्राण होते. राजा बसल्या जागी दगड झाला, प्रजा उभ्या जागी दगड झाली. राजाची बहीण मंदाकिनी रानात औषधी वेचायला गेली होती, तेवढी वाचली. तिने शाप दिला की आमचे प्राण गेले, आता हा मुकुट तुमच्या वंशाचे बळ पिईल."

"उःशाप?"

"त्या वंशातल्या पुरुषाने मुकुट परत आणावा आणि स्वहस्ते आमच्या राजाच्या मस्तकी ठेवावा. दुसरा उपाय नाही."

राणीने ही हकिगत राजाला सांगितली. राजा खिन्नपणे म्हणाला, "मला ते साधणार नाही, आणि तो तर माझ्याहून अशक्त. पालखीत बसूनही तो दमतो. समुद्रावर गेला तर मरेल."

मंचकाच्या पडद्याआडून जयध्वजाचा क्षीण आवाज आला. "महाराज, येथे राहिलो तर वसंताआधी मरेन. तेथे निदान समुद्र पाहून मरेन."

राणी उठली, खिडकीपाशी गेली आणि पडद्याचे टाके तिने दातांनी तोडले. खोलीत ऊन आले. "जा," ती म्हणाली. "परत ये असे म्हणत नाही. तुझ्या पायांनी जा, एवढेच म्हणते."

पट्टहत्तीने सोंडेने ओढत मुकुट बंदरात आणला. तो गलबतात ठेवला तेव्हा गलबत एका अंगाला असे कलले की पुढच्या टोकाला, नाळेवर, रंगवलेले डोळे पाण्यात बुडाले. गलबत चालवणारा कोणी तांडेल ते न्यायला तयार होईना. अखेर रुद्राजी नावाचा म्हातारा तांडेल पुढे झाला. समुद्राने त्याची कातडी वाळवून चामड्यासारखी केली होती.

"मी नेतो," तो म्हणाला. "पण माझी एक अट आहे. गलबतावर राजा एकच, तो म्हणजे वारा. बाकी सारे खलाशी."

"मान्य," जयध्वज म्हणाला. आणि धक्क्याला बांधलेली दोरी सुटताच नाळेवर लवून त्याने सकाळचा काढा समुद्रात ओकला.

पुढे कितीतरी दिवस त्याच्या पोटात काही ठरेना. तो ताडपत्रीखाली पडून कण्हत असे. तरीही लाट गलबतावर फुटली की तो मान उचलून पाही, आणि खाऱ्या तुषारांनी भिजलेले ओठ चाटी. धनेश डोलकाठीवर बसून वाट दाखवी.

असे जाता जाता एके सकाळी वारा पडला. पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले, शिडे पोत्यासारखी लोंबू लागली.

"हा निजलेला समुद्र," धनेश म्हणाला. "येथे वारा नाही, लाट नाही. येथून हातांच्या बळावरच पार व्हावे."

खलाशांनी वल्ही काढली. जड मुकुटामुळे गलबत चिखलात रुतल्यासारखे सरके. गोडे पाणी आटत चालले. मग एक खलाशी तापाने आडवा झाला, त्याचे वल्हे रिकामे पडले, आणि एका अंगाला जोर कमी पडून गलबत जागच्या जागी फिरू लागले.

खलाशी चिडले. त्यांच्यातला एक भैराजी नावाचा दांडगा मनुष्य पुढे येऊन म्हणाला, "युवराज, तो मुकुट समुद्रात टाका. आम्ही सारे वाचू."

जयध्वज उठून बसला. "मुकुट म्हणजे माझ्या घराचे पाप आहे. ते समुद्राच्या पदरात का घालू? आणि तो बुडाला तर एक नगरी कायमची दगड राहील."

"मग आपण वल्हवा!" भैराजी तोडून बोलला.

रुद्राजी तांडेल सुकाणूवरून नुसता पाहत राहिला. जयध्वज गलबताच्या काठाला धरून, बाकांना धरून, रिकाम्या वल्ह्यापाशी गेला आणि बसला. ते वल्हे त्याच्या मांडीपेक्षा जाड होते. त्याने ओढले, ते हलले नाही. पुन्हा ओढले, ते पाण्यावर आपटले आणि पाणी त्याच्याच तोंडावर उडाले. कोणी हसले नाही. तिसऱ्यांदा भैराजीने शेजारच्या बाकावरून हात लांबवून त्याला जोड दिली, आणि गलबताचे फिरणे थांबले.

त्या दिवशी त्याच्या हातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. रुद्राजीने खोबरेल लावून चिंध्या बांधल्या आणि समोर थाळी ठेवली. भात आणि भाजलेले सुके बोंबील. जन्मभर मुगाच्या पाण्यावर जगलेल्या राजपुत्राने ती थाळी बोटांनी पुसून खाल्ली, आणि ती पोटात ठरली.

"आणखी आहे?" त्याने विचारले.

रुद्राजीने आपल्या थाळीतले त्याला वाढले आणि तोंड फिरवून सुकाणूकडे गेला, कारण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

खलाशी वल्हवताना जे गाणे म्हणत, ते जयध्वजालाही येऊ लागले:

ओढ गड्या ओढ रे,
पाण्याला फोड रे,
किनारा गोड रे,
ओढ गड्या, ओढ!

आधी त्याच्या तोंडून नुसता 'ओढ' निघे, मग एक ओळ, मग सारे गाणे. आणि एके दिवशी गाणे ऐन रंगात असता समुद्राने कूस बदलली. पाण्यावर शहारा आला, शिडे फुगली, निजलेला समुद्र जागा झाला. तेव्हाच खलाशांच्या ध्यानात आले की गलबत कललेले नाही, सरळ उभे आहे. मुकुट हलका झाला होता. किनारा आला तेव्हा खलाशांनीच दोर लावून तो वाळूत उतरवला, हत्ती लागला नाही.

किनाऱ्यापासून दाट रान सुरू होत होते. धनेश म्हणाला, "या रानात वंशजानेच जावे. इतरांना वाट दिसत नाही."

रुद्राजीने चार पावले जाऊन पाहिले. त्याला फक्त झाडे दिसली. जयध्वजाला मात्र मधून जाणारी पायवाट स्वच्छ दिसत होती. तेव्हा तांडेलाने माडाची मोठी झावळी तोडली, तिच्यावर मुकुट बांधला, ओढायला दोर लावला आणि गाठ तीनतीनदा ताणून पाहिली.

"आम्ही येथे नांगर टाकून आहोत," तो म्हणाला. "तुम्ही आल्याशिवाय गलबत हलणार नाही."

"आणि आलो नाही तर?"

"मग गलबत येथेच कुजेल, आणि त्यावर मीही."

जयध्वजाने दोर खांद्यावर घेतला आणि तो रानात शिरला. झावळी मागे सरपटू लागली. थोडे अंतर गेले नाही तोच खांदा सोलवटला आणि तो सवयीने कण्हला, "आई गं!" त्याबरोबर समोरचे आंब्याचे झाड मागे सरकले. आता आता हाताशी होते, ते पार दूर गेले. तो पुन्हा कण्हला, आणि मध्ये एक अख्खा चढ उगवला.

"युवराज," धनेश वरून म्हणाला, "हे कण्हणारे रान. येथे जो कण्हला, त्याची वाट लांबली."

"आणि जो कण्हला नाही?"

"त्याची वाट आहे तेवढीच राहते."

जयध्वज दगडावर बसून विचारात पडला. महालात तो कण्हला की दासी धावत, वैद्य धावे, राणी धावत येई. कण्हणे हीच त्याची भाषा होती, तिच्याच जोरावर तो इतकी वर्षे जगला होता. येथे तीच भाषा त्याची वैरीण झाली. तो ओठ घट्ट मिटून चालू लागला. पण दुखणे मिटल्या ओठांतूनही बाहेर येऊ पाहते, आणि रानाला ते ऐकू जाते. तेव्हा तोंडाला दुसरे काम द्यावे म्हणून तो गाऊ लागला. "ओढ गड्या ओढ रे..." रान गप्प राहिले. काटा रुतला, गाणे मोठे झाले. पाय घसरून गुडघा फुटला, गाणे आणखी मोठे झाले, सुरात नव्हते तरी मोठे झाले. झाडांवरची वानरे त्याच्याकडे टकमका पाहू लागली.

भूक लागली की तो करवंदे खाई, पोळ्यातला मध काढून खाई, आणि जितक्या मधमाश्या चावतील तितकी कडवी गाई. रात्री झावळीवरच डोके टेकी. एके पहाटे तो उठला आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. पुष्कळ वेळाने उमगले की त्याला खोकला आला नव्हता. थंडीत, उघड्या दगडावर निजून, तो खोकल्याशिवाय जागा झाला होता. तो मोठ्याने हसला. आणि आपले हसणे एवढे दणदणीत आहे हे त्याला तेव्हाच कळले.

रान संपले तेथे डोंगर सुरू झाला. माथ्यावर पाषाणनगरीचे बुरूज दिसत होते. पायथ्याला विहीर होती आणि विहिरीवर एक बाई पाणी शेंदत उभी होती. ती दगडाची होती. तिच्या घागरीतून सांडलेले पाणीही दगड होऊन हवेत लटकत होते. तिच्या तोंडावर हसू होते. पलीकडे कोणाशी तरी बोलता बोलता ती थांबली होती.

जयध्वज तिच्याकडे पाहत असता मागून आवाज आला, "किती सुंदर! नाही?"

काळी वस्त्रे नेसलेला एक मांत्रिक तेथे उभा होता. त्याचे नाव तामस. उजाड नगरीतले सोने वेचून तो तेथेच राहिला होता.

"राजपुत्रा," तो म्हणाला, "तुझ्या तीन पिढ्यांचे बळ या मुकुटात साठले आहे. तो परत का देतोस? स्वतःच्या मस्तकी घाल. एका क्षणात तू पृथ्वीवरचा सर्वांत बलाढ्य पुरुष होशील. हे खोटे असेल तर माझी जीभ झडो."

जयध्वजाने वर धनेशाकडे पाहिले.

"खरे आहे," धनेश म्हणाला. पक्ष्याला खोटे बोलता येत नव्हते.

बळ! ज्याच्यासाठी आईने नवस केले, बापाने अश्रू गाळले, ते हाताच्या अंतरावर होते. त्याने मुकुटावर हात ठेवला. मग त्याची नजर पुन्हा विहिरीवरच्या बाईकडे गेली. हिचे वाक्य अर्धे राहिले आहे, त्याच्या मनात आले. माझ्या जन्माआधीपासून अर्धे राहिले आहे.

"मला ते बळ नको," तो म्हणाला. "बाजूला व्हावे."

"तुला नको तर मला हवे!" तामस गरजला, आणि त्याने मंत्र म्हणून झडप घातली. मंत्राच्या जोरावर मुकुट क्षणभर हवेत उठला आणि मांत्रिकाच्या डोक्यावर बसला. पण मंत्र सरला, वजन उरले. तामस गुडघ्यांपर्यंत जमिनीत गेला, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. "काढा! काढा!" तो ओरडू लागला.

जयध्वज धावला. विचार करायला अवसर नव्हता. त्याने दोन्ही हातांनी मुकुट धरला, पाय रोवले, खलाशी वल्हे ओढतात तसा कमरेतून मागे रेलला आणि ओढला. मुकुट मांत्रिकाच्या डोक्यावरून सुटला आणि जयध्वजाच्या छातीशी आला.

तो तसाच उभा राहिला. मुकुट त्याच्या हातांत होता. हत्तीने ओढलेला मुकुट त्याने एकट्याने उचलला होता.

"जड आहे?" धनेशाने विचारले.

"आहे," जयध्वज आश्चर्याने म्हणाला. "पण माझ्याने उचलवतो."

मग त्याने मुकुट खाली ठेवून मांत्रिकाला काखेत हात घालून मातीतून उपटून काढले. तामसाने एक शब्दही न बोलता अंग झटकले आणि तो दिसेनासा झाला. त्या मुलखात तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

डोंगराच्या पायऱ्या उंच होत्या. जयध्वज मुकुट उराशी धरून चढला. वाटेत दगडाचे सैनिक, दगडाची गुरे, दगडाच्या तराजूवर दगडाचा गूळ. माथ्यावर राजसभा होती. तेथे तरुण राजा दगड होऊन बसला होता आणि त्याच्या पायांशी पांढऱ्या केसांची एक म्हातारी त्याच्या गुडघ्यावरची धूळ पदराने पुसत होती.

तिने मान वर केली. "तू त्या घराण्याचा. नाक त्या लुटणाऱ्याचेच आहे. मी वाटेकडे डोळे लावून बसले होते आणि तू येऊ नयेस अशीही इच्छा करीत होते. तू आलास तर मला राग कोणावर धरायचा?"

जयध्वज गुडघे टेकून म्हणाला, "आजी, माझ्या पणजोबांनी जे केले त्याला क्षमा मागायला मला तोंड नाही. मुकुट तेवढा आणला आहे."

मंदाकिनी पुष्कळ वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. फोडांचे घट्टे, खांद्यावरचा दोराचा वळ, फुटलेले गुडघे. मग ती बाजूला सरली. "ठेव," ती म्हणाली.

त्याने मुकुट पाषाणराजाच्या मस्तकी ठेवला.

आधी राजाच्या पापण्यांना रंग आला. मग खाली कुठेतरी बैल हंबरला, कुत्रे भुंकले, घागर विहिरीवर आपटली आणि एका बाईचे हसणे वारा वर घेऊन आला. सारी नगरी एकदम बोलू लागली. राजा उठला, त्याने भोवती पाहिले, समोर उभ्या म्हातारीला पाहिले आणि आदराने विचारले, "आजीबाई, माझी धाकटी बहीण औषधी वेचायला गेली होती. ती परत आली का?"

मंदाकिनीने हातातला पदर सोडला. "आली, दादा," ती म्हणाली. "थोडा उशीर झाला."

राजाने तो आवाज ओळखला. त्याने तिला जवळ घेतले आणि लहान बहिणीच्या डोक्यावरून फिरवावा तसा तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. जयध्वज मान खाली घालून उभा राहिला.

पुढे मंदाकिनी त्याच्याकडे वळून म्हणाली, "शाप संपला. जे बळ मुकुटाने घेतले, ते ज्याचे त्याला जाईल."

जयध्वज थांबून राहिला. त्याला वाटले, आता अंगात वीज भरेल. काहीच झाले नाही.

"मला काही मिळाले नाही," तो म्हणाला.

"कुठून मिळेल? तुझ्या वाटचा एक कणही यात शिल्लक नाही. वाटेवर ते सारे तू काढून घेतलेस, आणि मला कळलेसुद्धा नाही." म्हातारी पहिल्यांदाच हसली. "यात उरले होते ते तुझ्या बापाचे. ते आता समुद्रावरून चालले आहे."

पाषाणराजाने राजपुत्राला वाटाड्ये दिले, फळफळावळ दिली, आणि दोन्ही राज्यांत पुन्हा वैर होणार नाही असे वचन दिले. धनेश नगरीच्या वडावर आपल्या ढोलीत परतला. जाताना म्हणाला, "आता हेमंतात कोणाला ओरडायचे, हा मला प्रश्न आहे." परतीच्या वाटेवर रानाने एकही चढ वाढवला नाही. किनाऱ्यावर रुद्राजी तांडेल नांगराशी बसून होता. त्याने जयध्वजाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि एवढेच म्हटले, "भैराजीच्या शेजारचा बाक रिकामा आहे." परतीचा सारा समुद्र जयध्वजाने त्या बाकावरून ओलांडला.

गलबत बंदराला लागले तेव्हा वसंत सरत आला होता. धक्क्यावर सारी नगरी लोटली होती आणि गर्दीच्या पुढे एक धिप्पाड पुरुष उभा होता. दाढी तीच, डोळे तेच. पण जयध्वजाने असा मनुष्य पूर्वी पाहिला नव्हता. तो वीरबाहू राजा होता. एका सकाळी तो मंचकावरून उठला तो उभाच राहिला. आणि महालापासून बंदरापर्यंत जन्मात पहिल्यांदा चालत आला होता. बापलेकांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघांच्याही बरगड्या कडाडल्या. हेमवती राणी दोघांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आणि तिला कोणाकडे पाहावे ते कळत नव्हते.

मग राजाची दृष्टी गलबताकडे वळली. शिडे, दोर, वल्ही, पलीकडची निळी रेषा, हे सारे तो पाहत राहिला. सभेत कधी न काढलेल्या संकोचाच्या आवाजात त्याने विचारले, "त्या समुद्रापलीकडे... कसे आहे रे?"

"सांगता येत नाही, महाराज," जयध्वज म्हणाला. "पाहावे लागते."

राजाने राणीकडे पाहिले. राणी म्हणाली, "जाऊन यावे. राज्य मी आणि युवराज सांभाळू."

तेथेच, धक्क्यावर, वीरबाहूने मुद्रेची अंगठी पुत्राच्या बोटात घातली आणि जोडे काढून तो गलबतावर चढला. रुद्राजी तांडेल सुकाणूवर उभा होता. त्याने राजाला मुजरा केला नाही.

"माझी एक अट आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," राजा म्हणाला, आणि वल्ह्यावर जाऊन बसला.

त्या राज्याच्या खजिन्याच्या भिंतीचा तडा पुढे बुजवला गेला. जयध्वजाने नीतीने राज्य केले, दुसऱ्याचे काही घेतले नाही, आपले काही गमावले नाही. आणि त्या घरात पुढे जी जी पोरे जन्मली, ती जन्मताच अशी खणखणीत रडली की बंदरातले खलाशी हातातले दोर टाकून महालाकडे पाहत आणि हसत.